मुलांमधील ॲलर्जी : वेळीच ओळख, वेळीच उपाय

(प्राथमिक शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्या शिबिरात एका बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बालआरोग्याचा विचार करताना कुपोषण, अतिसार, क्षय आणि लसीकरण हे विषय प्रथम डोळ्यांपुढे येतात, आणि ते योग्यच आहे. आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो या यादीत सहसा आढळत नाही. ॲलर्जी एकाएकी जीव घेते असे प्रसंग थोडे. परंतु ती मुलाची झोप हिरावून घेते, शाळेचे दिवस बुडवते, खेळाच्या मैदानापासून त्याला दूर ठेवते आणि पुष्कळदा त्याच्या ताटातील पौष्टिक अन्नही काढून घेते. हे नुकसान हळूहळू होत असल्यामुळे त्याची दखल उशिरा घेतली जाते. ‘लहानपणची सर्दी आहे, मोठा झाला म्हणजे जाईल’ या एका वाक्यावर अनेक मुलांची चार-पाच वर्षे निघून जातात. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांचा न राहता शिक्षकांचा आणि ग्रामपंचायतीचाही व्हावा, अशी माझी विनंती आहे.

ॲलर्जी म्हणजे काय?

‘मला वांग्याचे वावडे आहे’ असे आपण सहज म्हणतो. ॲलर्जी या शब्दातील आशय या वावडे शब्दात बराचसा आला आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ॲलर्जी हा शब्द प्रथम वापरला. बाहेरील पदार्थाशी एकदा संबंध आल्यानंतर शरीराची प्रतिक्रिया बदलते, हे त्यांना त्या शब्दाने सुचवायचे होते. या प्रतिक्रियेमागील मुख्य प्रतिपिंड, ज्याला ‘आयजीई’ म्हणतात, तो पुढे १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी शोधून काढला.

आपली प्रतिकारशक्ती ही गावच्या राखणदारासारखी आहे. चोर आला तर तिने आरडाओरड करावी, हे तिचे काम. परंतु काही मुलांमध्ये ही राखणदारी इतकी संशयी बनते की, परागकण, धूळ, दूध किंवा अंडे यांसारख्या निरुपद्रवी पदार्थांनाही ती शत्रू समजते. मग त्वचेतील, नाकातील व श्वासनलिकेतील विशिष्ट पेशींमधून हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात आणि खाज, सूज, शिंका, पाणी गळणे, श्वासनलिका आवळणे ही लक्षणे दिसू लागतात. ॲलर्जी संसर्गजन्य नाही. एका मुलाची दुसऱ्याला होत नाही. मात्र तिची प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यात असते. आईवडिलांपैकी एकास दमा, इसब किंवा सततची सर्दी असल्यास मुलात ती उतरण्याचा संभव वाढतो.

एकच प्रवृत्ती, अनेक रूपे

या प्रवृत्तीची वाटचाल पुष्कळ मुलांमध्ये एका विशिष्ट क्रमाने होते. प्रथम, तान्हेपणी गालांवर, नंतर कोपराच्या व गुडघ्याच्या खळग्यांत कोरडे, खाजरे इसब दिसते. त्याच सुमारास एखाद्या अन्नाची ॲलर्जी प्रकट होऊ शकते. पुढे शाळेच्या वयात सततच्या शिंका व नाक गळणे सुरू होते, आणि त्यांतील काही मुलांना दमा जडतो. प्रत्येक मूल हे सर्व टप्पे गाठतेच असे नाही. परंतु ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याच्याकडे पुढील काही वर्षे अधिक लक्ष ठेवले पाहिजे, एवढा धडा यातून निश्चित घेता येतो.

येथे एका प्रचलित शब्दाचा खुलासा करणे इष्ट होईल. अंगावर एकाएकी लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठले’ असे म्हणतो आणि पोटातील आम्लपित्ताचे औषध देतो. या गांधींचा त्या पित्ताशी संबंध नसतो. लहान मुलांमध्ये त्या पुष्कळदा विषाणूंच्या संसर्गामुळे व कधी अन्न, औषध किंवा कीटकदंश यांमुळे उठतात. गांधींबरोबर श्वासाचा त्रास, वारंवार उलट्या किंवा ग्लानी असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. त्याविषयी पुढे सांगणारच आहे.

शिक्षकांनी काय पाहावे?

मूल दिवसाचे पाच-सहा तास आपल्यासमोर असते. डॉक्टरांना ते पाच मिनिटे दिसते. म्हणून निदानाची पहिली पायरी शाळेतच चढता येते. तळहाताने नाक वर घासण्याची सवय, त्यामुळे नाकाच्या शेंड्याजवळ पडलेली आडवी रेघ, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, सतत तोंडाने श्वास घेणे, ओळीने येणाऱ्या शिंका, डोळे चोळणे, ही नाकाच्या ॲलर्जीची चिन्हे होत. अशा मुलाला रात्री नीट झोप लागत नाही व ते वर्गात पेंगते. त्याला मंद किंवा आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्या नाकाकडे पाहावे.

दम्याची चिन्हे थोडी निराळी असतात. महिनाभरात पुन्हा पुन्हा उद्‌भवणारा खोकला, तोही मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे अधिक. धावल्यावर, हसल्यावर वा रडल्यावर येणारी खोकल्याची उबळ. छातीतून येणारा सूं-सूं आवाज. कबड्डीच्या डावातून लवकर बाहेर बसणे. ‘माझ्या मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो’ असे जे पालक सांगतात, त्यांच्यापैकी काही मुलांना प्रत्यक्षात बाळदमाच असतो.

हा आजार आपल्या देशात किती प्रमाणात दुर्लक्षित आहे? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील अनेक केंद्रांतील एका मोठ्या पाहणीत सहा-सात वर्षांच्या आणि तेरा-चौदा वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ३ ते ४ टक्के मुलांना घरघरीचा त्रास असल्याचे दिसून आले. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेत अशी तीन-चार मुले. परंतु त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, मुले व पालक मिळून ज्यांना हा त्रास होता त्यांच्यापैकी पाचांतील चौघांचे दमा म्हणून निदानच झालेले नव्हते.

निदान कसे होते?

ॲलर्जीच्या निदानात सर्वांत मोठे साधन म्हणजे काळजीपूर्वक विचारलेली हकिकत. त्रास कधी होतो, कोठे होतो, काय खाल्ल्यावर किती वेळाने होतो, सुट्टीत मामाच्या गावी गेल्यावर कमी होतो काय, घरात कोणी विडी-सिगारेट ओढते काय, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक सांगून जातात. पालकांनी महिनाभर एका वहीत तारीखवार नोंद ठेवल्यास डॉक्टरांचे अर्धे काम होते. पाच-सहा वर्षांवरील मुलाची फुंकर मारून घेण्याची श्वसनचाचणी करता येते.

त्वचेवर औषधाचा थेंब टाकून हलकेच टोचण्याची चाचणी किंवा रक्तातील आयजीईची तपासणी, या दोन्ही उपयुक्त आहेत. मात्र हकिकतीला पूरक म्हणूनच. चाचणी सकारात्मक आली म्हणजे आजार आहेच, असा अर्थ होत नाही. कर्नाटकात शाळकरी मुलांच्या एका अभ्यासात सुमारे १९ टक्के मुलांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध असे प्रतिपिंड सापडले. परंतु प्रत्यक्ष अन्नाची ॲलर्जी असण्याचा संभव असलेली मुले हजारात एक-दोनच होती. कागदावरील यादी पाहून तीस-चाळीस पदार्थ बंद करणे म्हणजे उरलेल्या निरोगी मुलांना विनाकारण उपाशी ठेवणे होय. ‘आयजीजी’ नावाच्या तपासणीवरून अन्नाची ॲलर्जी ठरवण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याला शास्त्रीय आधार नाही.

आणखी एक इशारा. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या प्रत्येक खोकल्यात, विशेषतः ताप व वजनातील घट असल्यास, क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. पूर्वी धडधाकट असलेल्या लहान मुलाला एकाएकी खोकला व घरघर सुरू झाली, तर शेंगदाणा, चिंचोका किंवा मणी श्वासनलिकेत गेला असण्याची शंका घ्यावी. प्रत्येक खोकल्यावर ॲलर्जीचा शिक्का मारणे हेही तितकेच घातक आहे.

ताटातून काय काढावे, काय काढू नये?

मुलाला खोकला झाला की आपल्याकडे प्रथम केळे बंद होते, मग दही, मग भात, मग दूध आणि अंडे. दम्याच्या बहुसंख्य मुलांच्या आजाराचे कारण अन्न नसतेच. आधीच कृश असलेल्या मुलाचा आहार असा एकेक पदार्थाने आखडत गेला, तर ॲलर्जी कायम राहते आणि वर कुपोषणाची भर पडते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर मिनिटांत किंवा दोन तासांच्या आत, आणि प्रत्येक वेळी, गांधी, ओठांवर सूज, उलटी किंवा धाप असा त्रास होत असेल तरच त्या पदार्थाचा संशय घ्यावा व वैद्यकीय सल्ल्याने तोच तेवढा वर्ज्य करावा. दुधाची ॲलर्जी आणि दूध न पचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूध व अंडे यांची ॲलर्जी असलेली पुष्कळ मुले शाळेच्या वयापर्यंत किंवा त्यानंतर तिच्यातून बाहेर पडतात. म्हणून वर्ज्य केलेला पदार्थ पुन्हा केव्हा सुरू करावा हे डॉक्टरांना वेळोवेळी विचारावे. मात्र घरी प्रयोग करून पाहू नये.

ॲलर्जी टाळण्यासाठी तान्ह्या बाळाला अंडे-शेंगदाणे उशिरा द्यावेत, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत, असा सल्ला दिला होता. पुराव्याअभावी २००८ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याच वर्षी एक लक्षणीय निरीक्षण प्रसिद्ध झाले. इस्रायलमध्ये बाळांना शेंगदाण्याचा खाऊ लवकर दिला जातो; तेथील ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट अधिक आढळली. त्यावरून लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांवर एक अभ्यास हाती घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले. चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केलेल्या गटात पाचव्या वर्षी ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ३ टक्के, तर तो टाळलेल्या गटात सुमारे १७ टक्के होते.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. सहा महिने पूर्ण होताच वरचा आहार, आणि त्यात डाळ, अंडे, शेंगदाण्याचे बारीक कूट यांचा क्रमाक्रमाने समावेश. ज्या घरात शेंगदाण्याचे कूट रोजच्या भाजीत पडते, तेथे हे कठीण नाही. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत देऊ नये; तो घशात अडकतो. तीव्र इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इसबाच्या त्वचेवर दिवसातून दोनदा स्निग्ध मलम किंवा पेट्रोलियम जेली चोळणे हा उपचाराचा पाया आहे. दुकानातून स्वतःहून आणलेले, स्टिरॉइड व इतर औषधांची मिसळ असलेले मलम बाळाच्या त्वचेला लावू नये.

पंपाविषयीची भीती

दम्याचे निदान झाल्यावर खरी लढाई सुरू होते ती गैरसमजांशी. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलीला पंप असल्याचे कळले तर तिचे लग्न जमणार नाही, अशा समजुतींमुळे पालक पंप लपवतात आणि मूल रात्रभर उशीला टेकून बसते.

वस्तुस्थिती अशी आहे की, तोंडाने घेतलेले औषध सर्व शरीरात फिरते, तर पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते. गोळीतील मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपातील मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. पंप दोन प्रकारचे असतात : ताबडतोब आराम देणारा सालब्युटामॉलचा, आणि श्वासनलिकेची सूज कमी करणारा ब्युडेसोनाइडसारख्या सौम्य स्टिरॉइडचा. केवळ पहिल्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. आग विझवण्याबरोबर निखारेही शांत करावे लागतात. दीर्घकाळ स्टिरॉइडचा पंप घेतल्याने अंतिम उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे खरे; परंतु काबूत नसलेला दमा मुलाची वाढ, शिक्षण आणि प्रसंगी प्राण यांची याहून मोठी किंमत वसूल करतो. दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आहेत. जवळच्या सरकारी रुग्णालयात ती सातत्याने मिळतात की नाही, हे पाहणे उपस्थित अधिकाऱ्यांच्या हाती आहे.

लहान मुलांना पंप थेट न देता ‘स्पेसर’ नावाच्या नळकांड्यातून द्यावा लागतो. तो महाग वाटत असेल, तर १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिलेला मार्ग उपयोगी आहे : अर्धा लिटरच्या शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून घट्ट बसवलेली बाटली अशा वेळी चांगले काम देते. आरोग्यसेविकेने एकदा ती करून दाखवावी.

सर्दीच्या औषधांबाबतही सावधगिरी हवी. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. जुन्या धाटणीच्या ॲलर्जीविरोधी गोळ्यांनी झोप येते. परीक्षेच्या दिवशी मुलाला गुंगी का आली, याचे उत्तर कधी कधी त्या गोळीत असते.

घर, शाळा आणि गाव

ॲलर्जीचे कारण पूर्णपणे दूर करता येत नाही, पण कमी करता येते. घरातील धुळीत कोळ्याच्या वर्गातील, डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे जीव असतात. ते माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत, म्हणून कोकणात, विशेष माजतात. उशा, गाद्या व गोधड्यांना कडक ऊन दाखवणे, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुणे, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, हे बिनखर्चाचे उपाय आहेत. विडी, चूल आणि डासांची कॉइल यांचा धूर मुलाच्या छातीचा शत्रू आहे. २००३ मधील एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात. मुलासाठी मच्छरदाणी अधिक हितकर.

शाळेची रंगसफेदी सुट्टीत करावी. ॲलर्जीच्या मुलाला फळ्याजवळून व झाडलोटीच्या कामातून वगळावे. खेळातून मात्र वगळू नये. मैदानावर नियमित खेळता यावे, हेच तर उपचाराचे उद्दिष्ट आहे. कचरा व पाचट जाळणे, मळणीची धूळ वस्तीवर येणे, हे प्रश्न ग्रामसभेत मांडण्यासारखे आहेत.

गाजरगवताचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रातील ॲलर्जीची कहाणी पुरी होत नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचेचा हट्टी दाह होतो व परागकणांनी शिंका आणि दमा बळावतो. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात; म्हणून फुले येण्यापूर्वीच ते मुळासकट काढले पाहिजे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागरूकता सप्ताह असतो. त्या श्रमदानात उघड्या हातांनी हे गवत उपटण्याचे काम शाळकरी मुलांना कदापि देऊ नये. प्रौढांनी हातमोजे घालून, नाकातोंडावर फडके बांधून ते करावे.

जिवावर बेतणारा प्रसंग

हा भाग कृपा करून नीट लक्षात ठेवावा. गांधीलमाशीचा दंश, एखादे अन्न किंवा एखादे इंजेक्शन यांनंतर काही मिनिटांत अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, उलट्या, अंग थंड पडून शुद्ध हरपणे, यांपैकी लक्षणे एकत्र दिसली तर ती तीव्र ॲलर्जी होय. क्वचित गांधी उठतही नाहीत. तिच्यावर खरे औषध एकच : ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. मुलाच्या दर किलो वजनास ०.०१ मिलिग्रॅम हे त्याचे प्रमाण. म्हणजे वीस किलोच्या मुलाला नेहमीच्या ॲम्प्यूलमधील केवळ ०.२ मिलिलिटर. आराम न पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी ते पुन्हा देता येते. गोळी किंवा सिरप देऊन वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात.

शिक्षकाने मुलाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. धाप असेल तर बसू द्यावे. उठून चालू देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तत्काळ पोहोचता येईल तेथे न्यावे. लसीकरणानंतर अर्धा तास थांबवून घेतात ते याच कारणासाठी. सहलीला जाताना आग्या मोहोळाची जागा टाळावी.

आपल्याकडून अपेक्षा

फेब्रुवारी २०१३ मध्ये याच महाराष्ट्रात, पालघर येथून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित असून, तपासावयाच्या आजारांत इसब आणि श्वासनलिकेचा दमा यांचा समावेश आहे. म्हणजे व्यवस्था अस्तित्वात आहे. तिला माहिती पुरवण्याचे काम उरते. पथक येण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी वारंवार खोकणाऱ्या, शिंकणाऱ्या व खाजवणाऱ्या मुलांची नावे काढून ठेवावीत. ज्यांचे निदान झाले आहे त्यांच्या बाबतीत कशाचे वावडे, कोणते औषध, पालकांचा दूरध्वनी, एवढ्या नोंदीचे एक कार्ड मुख्याध्यापकांकडे असावे, आणि मुलाचा पंप कपाटात कुलूपबंद न राहता हाताशी असावा. ग्रामपंचायतीने गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ॲड्रेनॅलिन, दोन्ही पंप व स्पेसर उपलब्ध आहेत की नाहीत, याची विचारणा दर तीन महिन्यांनी करावी.

यांतील एकाही कामासाठी मोठी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. मूल रात्री शांत झोपले, सकाळी वेळेवर शाळेत आले आणि मधल्या सुट्टीत सर्वांबरोबर धावले, एवढेच आपल्याला साधायचे आहे. ज्या तीन-चार मुलांना आज ते जमत नाही, ती आपल्याच वर्गात बसलेली आहेत. येत्या सोमवारी हजेरी घेताना त्यांच्याकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.